छोट्या कर्जातली जोखीम नेमकी कुणाच्या डोक्यावर?

शेळी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत साधारण पाच महिने जातात आणि करडू विकण्याजोगे व्हायला त्यानंतर आणखी सहा-आठ महिने लागतात. ज्या कर्जातून ती शेळी घेतली, त्याचा पहिला हप्ता मात्र पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात भरावा लागतो. मग तो हप्ता कशातून भरला जातो? शेळीतून नव्हे, हे उघड आहे. तो कर्ज घेणाऱ्या बाईच्या खुरपणीच्या रोजातून, नवऱ्याच्या गवंडीकामातून किंवा दुसऱ्या एखाद्या कर्जातून जातो. कागदावर ‘व्यवसायासाठी’ असे लिहिलेले हे कर्ज प्रत्यक्षात घरातल्या मजुरीच्या भरवशावर दिलेले आणि त्याच मजुरीतून वसूल होणारे कर्ज असते. मायक्रोफायनान्समुळे, म्हणजे गरिबांना तारणाशिवाय दिलेल्या अशा छोट्या कर्जांमुळे, गरिबी हटते का, या प्रश्नाची चर्चा मला इथून सुरू करावीशी वाटते, कारण व्याजदराइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न जोखमीचा आहे. शेळी मेली, सोयाबीन पावसात भिजले, घरात दुखणे आले, तर तोटा कुणी सोसायचा? आजच्या रचनेत या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : साखळीत ज्या बाईजवळ सगळ्यात कमी आहे, तिने.

हप्त्याच्या वेळापत्रकाची ही तक्रार केवळ गावगप्पांतली नाही. कोलकात्यात संशोधकांनी एका मायक्रोफायनान्स संस्थेच्या ग्राहकांवर प्रयोग केला होता. काही जणींचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी सुरू झाला आणि काही जणींना दोन महिन्यांची सवड मिळाली. सवड मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि पुढे सुमारे तीन वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांचा नफाही जास्त होता. मात्र त्यांच्यात कर्ज थकवणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. या निष्कर्षातच सगळी मेख आहे. बाईला धंद्यात थोडी जोखीम घेऊ दिली तर तिची मिळकत वाढते, पण त्या जोखमीतला काही वाटा कर्ज देणाऱ्यालाही उचलावा लागतो. आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा ताबडतोब सुरू होणारा हप्ता हा तो वाटा टाळण्याचा मार्ग आहे. त्यामुळे वसुली चोख राहते आणि बाई ज्यात तोटा होणार नाही, पण नफाही फारसा होणार नाही, अशाच कामात अडकून पडते.

आता व्याजाविषयी. समजा ४०,००० रुपयांचे कर्ज २४ टक्के दराने, घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज), दोन वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये येतो आणि दोन वर्षांत जवळपास १०,७५० रुपये व्याज जाते. प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता सुरुवातीलाच कापला जात असल्याने हातात ४०,००० पेक्षा कमी पडतात, परतफेड मात्र पूर्ण रकमेची करावी लागते. कर्ज देणाऱ्या कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्या स्वतः बँकांकडून व्याजाने पैसे आणतात, गावोगाव माणसे फिरवतात, आणि ४०,००० च्या कर्जाला लागणारी मेहनत ४ लाखांच्या कर्जापेक्षा कमी नसते. सावकाराच्या महिन्याला शेकडा पाच किंवा शेकडा दहापेक्षा हे कर्ज निश्चितच स्वस्त आहे. पण वर्षाला २४ टक्के व्याज देऊन वर नफा उरेल असा कोणता धंदा कोरडवाहू गावातल्या बाईला उपलब्ध आहे, याचे उत्तर कर्ज देणाऱ्याने कर्ज देण्यापूर्वी शोधायला हवे. बांगड्या, भाजी, शिवणकाम, पिठाची गिरणी, किराणा यांपैकी गावाला जेवढे लागते, तेवढे बहुधा आधीच चालू असते. एका आळीत तिसरी शिवणयंत्रावर बसली की पहिल्या दोघींची गिऱ्हाइके वाटली जातात, एवढेच होते.

मराठवाड्यात राहत असल्याने ऊसतोडीच्या हंगामात या कर्जाचे काय होते, ते मी जवळून पाहते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, निघतात. नवरा-बायकोने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांची मजुरी आधीच कर्ज होऊन बसलेली असते. इकडे गावात बाईच्या नावावर गटाचे कर्ज असते, म्हणजे एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. अशा कर्जदार बायकांच्या समूहाला सेंटर म्हणतात. ती पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडावर असताना तिचा हप्ता सेंटरच्या बाकीच्या बायकांनी वर्गणी काढून भरायचा असतो. म्हणून निघताना उचलीतलेच पैसे हप्त्यांसाठी कुणाजवळ तरी ठेवून जावे लागतात. ते पुरले नाहीत की परतल्यावर मैत्रिणीशी अबोला ठरलेला. एका कर्जाने दुसरे फेडायचे आणि दोन्हींसाठी अंगमेहनत गहाण ठेवायची, याला स्वयंरोजगार म्हणताना माझी जीभ अडखळते.

सामूहिक हमीची ही पद्धत बांगलादेशातून जगभर गेली. १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर इतकी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली आणि २००६ मध्ये बँकेला व युनूस यांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले. तारण नसलेल्या माणसालाही कर्ज देता येते आणि तो ते फेडतो, हे त्यांनी सिद्ध केले. याचे मोल मी कमी लेखणार नाही. गरिबाला बँकेच्या दारात उभे न करणाऱ्या व्यवस्थेला ती सणसणीत चपराक होती. पण ‘फेडतो’ यावरून ‘गरिबीतून बाहेर पडतो’ असा निष्कर्ष काढला गेला आणि तिथे चूक झाली. भारत, बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत केला होता. त्यात आढळले की आधीपासून धंदा असलेल्यांनी तो थोडा वाढवला आणि काही घरांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, पण सरासरी घराचा एकूण खर्च वाढला नाही, आणि घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द वजनदार झाल्याचे किंवा मुलांच्या शिक्षणात ठळक फरक पडल्याचेही दिसले नाही. इतर देशांतले चित्रही साधारण असेच होते. कर्जाने बहुतेकांचा नाश झाला नाही आणि कायापालटही झाला नाही.

नाश झाला तो कर्जाच्या स्पर्धेतून. अविभाजित आंध्र प्रदेशात एकाच बाईला अनेक कंपन्या कर्ज देत सुटल्या, कारण प्रत्येकीला शाखेचा आकडा वाढवायचा होता. २०१० मध्ये त्या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी शेअर बाजारात उतरली, आणि त्याच वर्षी वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्यांनंतर ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. पुढे रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली, या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग आणि वेगळे नियम आले. त्यानंतरही २०१६ च्या नोटाबंदीत विदर्भात हप्ते थकले, कोविडच्या टाळेबंदीत थकले, आणि २०२५ च्या सुरुवातीला कर्नाटकाला जाचक वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. दर पाच-सात वर्षांनी तेच घडते, तेव्हा दोष दोन-चार उर्मट वसुली कर्मचाऱ्यांचा आहे असे मानून भागणार नाही. वसुलीला येणारा गावचाच कुणीतरी तरुण असतो, तुटपुंज्या पगारावर, वरच्यांच्या दबावाखाली.

महाराष्ट्राला या गोष्टीची ओळख नवी नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला तेव्हा दख्खनच्या रयतेला कर्ज सहज मिळत होते. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारी सारा मात्र वाढीव राहिला आणि सगळा तोटा एकट्या कुळाच्या माथी आला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची कर्जखते आणि रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायालयाने रोख्यावरचा आकडा डोळे झाकून मान्य न करता त्या कर्जाचा मागचा सगळा इतिहास तपासावा, ही त्यातली तरतूद मला आजही फार महत्त्वाची वाटते. कर्ज कसे वाढत गेले, त्यात किती वेळा जुने फेडण्यासाठी नवे दिले गेले, हे विचारण्याचा अधिकार त्या कायद्याने मान्य केला होता. आज ‘टॉप-अप’च्या नावाखाली जुने कर्ज नव्यात मिसळले जाते तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

याच महाराष्ट्रात दुसरी वाटही आहे. बचत गटात बायका आधी महिन्याला शंभर-दोनशे रुपये साठवतात आणि त्यातूनच एकमेकींना अंतर्गत कर्ज देतात. व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये असले तरी ते बाहेर जात नाही, गटाच्याच पेटीत राहते. एखादीच्या घरी दवाखाना निघाला तर बैठकीत तिला सवड द्यायची की नाही, हे त्याच ठरवतात, आणि इतिवृत्तात तसे लिहितात. कर्ज देणारी आणि घेणारी एकच असल्याने जोखमीचा वाटा आपोआप पसरतो. १९९२ मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि नंतर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने त्यांचे जाळे उभे केले. आता ग्रामीण महिला गटांना ३ लाखांपर्यंतचे बँककर्ज ७ टक्के दराने मिळू शकते. तरीही बाई २४ टक्क्यांच्या कर्जाकडे का वळते? कारण बँकेत प्रकरण पुढे सरकायला महिने लागतात, साहेब जागेवर नसतात, एका सहीसाठी दिवसाचा रोज बुडतो, आणि कंपनीचा माणूस आठवड्याभरात दारात येऊन पैसे देतो. गरिबाच्या वेळेची किंमत कंपन्यांनी ओळखली आणि सरकारी बँकांनी ओळखली नाही, ही गोष्ट मला अतिशय क्लेशदायक वाटते.

साताऱ्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक मला या संदर्भात आवर्जून आठवते. चेतना सिन्हा यांनी ती उभी केली, आणि तिची सुरुवात एका लोहारकाम करणाऱ्या बाईला कर्ज नव्हे, तर रोजची बचत ठेवायला खाते हवे होते, यातून झाली. बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला परवाना-अर्ज नाकारला, तेव्हा त्याच बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. २०१२-१३ च्या दुष्काळात माण तालुक्यात पाणी-चारा संपला, तेव्हा माणदेशीने म्हसवडला जनावरांची मोठी छावणी चालवली. जनावर विकले गेले असते तर कर्जही बुडाले असते आणि घरही बसले असते. कर्ज देणाऱ्यांच्या परिवाराने संकटात जोखमीचा वाटा उचलणे म्हणजे काय, हे मला त्या छावणीत दिसते.

आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांच्यासाठी कर्ज ही पहिली पायरी असूच नये. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ पासून अतिगरीब बायकांना आधी फुकट गाय किंवा शेळ्या, काही महिने खाण्यापुरता भत्ता, प्रशिक्षण आणि दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारे माणूस, असे सगळे एकत्र दिले. याच पद्धतीचे सहा देशांतले निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मदत थांबून वर्ष उलटल्यावरही उत्पन्न आणि खाणेपिणे सुधारलेलेच होते. बिहारने २०१८ पासून ‘सतत जीविकोपार्जन योजने’त हाच मार्ग धरला. आपल्याकडे एकल महिला, ऊसतोड करणारी भूमिहीन कुटुंबे, पारधी वस्त्या यांच्यासाठी असे काही राज्यभर का होऊ नये? ज्या घरात उद्याच्या जेवणाची खात्री नाही, तिथे हप्त्याचे कार्ड देणे अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मायक्रोफायनान्स बंद करा, असे मी म्हणत नाही. ते बंद झाले तर दुसऱ्या दिवशी सावकार परत दारात असेल. शेळी-म्हशीसाठीच्या कर्जाला वेताप्रमाणे आणि शेतीपूरक कर्जाला सुगीप्रमाणे हप्ते असावेत, दुष्काळ जाहीर झाला की हप्ते आपोआप पुढे जावेत आणि शेजारणीच्या थकबाकीसाठी दुसरीला वेठीला धरू नये, एवढे तरी व्हावे.

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम आजही बायकांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ते इथे लिहिते. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज मायक्रोफायनान्समध्ये मोडते. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असे कर्ज देता येत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. कर्ज कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, धमकी किंवा शिवीगाळ करता येत नाही, आणि वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी. सलग दोन वेळा किंवा त्याहून जास्त तिथे न गेल्यासच कर्मचारी घरी येऊ शकतो. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी, तिची पोच जपून ठेवावी, आणि ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८ आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, शेतात खुरपणीला येणाऱ्या बायकांना हे वाचून दाखवा आणि त्यांचे कर्ज कार्ड एकदा त्यांच्यासोबत बसून पाहा.