सातपैकी सात मिळवणारी नर्सरी

धाकट्या बहिणीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, ‘चांगली नर्सरी ओळखण्याच्या सात खुणा’. खाली तिची ओळ: “ताई, आपण परवा पाहिली ना, तिला सातपैकी सात!” भाची अडीच वर्षांची आहे. ती नर्सरी मीही पाहिली होती आणि बाहेर पडताना माझं डोकं फिरलं होतं. म्हणून हा उपद्व्याप.

सात खुणा अशा: मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही, एसी आणि स्मार्ट बोर्ड, शांत वर्ग, तिसऱ्या वर्षी अक्षरं गिरवणं, पालकांना आत मज्जाव, घरी येताना कपडे स्वच्छ, आणि घरापासून जवळ.

पाचवीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांपायी फार तर पैसे वाया जातील, हिच्यापायी पोराचे हाल होतील. फॉरवर्ड म्हणतो, ‘पहिल्याच दिवशी दारात सोडा, वळून पाहू नका. तीन दिवसांत रडणं थांबतं, म्हणजे मूल रुळलं.’ कुणी ठरवलं हे? रुळलेलं मूल खेळतं, भांडतं, बाईंचा हात ओढून काहीतरी दाखवायला नेतं. रडून उपयोग नाही हे कळलेलं मूलसुद्धा गप्पच बसतं. गप्प झालं एवढीच बातमी दारापर्यंत पोचते, कशामुळे झालं ते नाही. त्या नर्सरीत खिडकीशी एक मुलगा होता. पाठीवरची बॅग काढलेली नाही, दोन्ही पट्टे मुठीत घट्ट, नाक वाहतंय. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “तो ना? एकदम सेटल झालाय. अजिबात त्रास देत नाही.”

यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. दारात रेंगाळणारे, पाच वेळा पापा घेणारे आईबाप रडणं वाढवतात. निरोप थोडक्यात घ्यावा, पण मुलाला सांगून घ्यावा. त्यावरून ‘पालकांनी आत यायचंच नाही’ हे कुठून निघालं? सुरुवातीला आई किंवा बाबा खोलीतच बसतात, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. आणि मुलाला दारात घेणारं माणूस रोज तेच असतं. रुळवणं म्हणजे हे. तासभर कोपऱ्यात बसू न देणाऱ्या जागेवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

शांत वर्गाचं कौतुक तर कहरच. अडीच-तीन वर्षांची सव्वीस मुलं, हाताची घडी, तोंडावर बोट. एक बाई, एक मावशी. अमेरिकेतल्या एनआयसीएचडी या सरकारी संशोधन संस्थेने १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून जास्त मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. सांभाळणारं माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देतं का, प्रश्न विचारतं का, जवळ घेतं का, गाणं-गोष्ट करतं का, हे निरीक्षकांनी तिथे बसून टिपलं. जिथे हे जास्त, तिथल्या मुलांची भाषा आणि समज थोडी पुढे. आणि हे जास्त कुठे आढळलं? जिथे गट लहान आणि एका माणसामागे मुलं कमी. त्यांनी धरलेलं प्रमाण दीड वर्षापर्यंत एकामागे तीन, दोनपर्यंत चार, तीनपर्यंत सात. इथे मावशींना धरूनही तेरा होतात! आता, घराचा परिणाम नर्सरीपेक्षा मोठा, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तेव्हा बहिणीने झोप उडवून घेऊ नये. पण ‘एका माणसामागे किती मुलं?’ हा प्रश्न सात खुणांत एकदाही येत नाही.

कॅमेरा असू दे, माझं काही म्हणणं नाही. पण मोबाइलवर सहसा चित्र दिसतं, आवाज नाही. बाई प्रेमाने बोलतायत की खेकसतायत, त्या चौकोनात काय कळणार? शिवाय आपण आपलं पोर बघतो तेव्हा बाकीचे पालकही तेच बघत असतात.

स्मार्ट बोर्डाबद्दल इतकंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनसमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, त्याहून कमी तर उत्तम. तो तास घरीच संपतो, सगळ्यांना माहीत आहे. अक्षरं गिरवायची घाई कशाला? आधी माती मळू दे, कागद फाडू दे, मणी ओवू दे. आणि हे सगळं केलं तर कपडे स्वच्छ राहणार नाहीत, म्हणजे सहावी खूणही गेली.

घरापासून जवळ असावी, हे मात्र खरं. सातातला एक दिला.

बहिणीने आज सकाळी तिथे फोन करून विचारलं, तासभर आत बसून बघू का? उत्तर आलं, “मॅडम, कॅमेऱ्यावर बघा ना.”