मॉटलीबाईंना जज्जची खुर्ची ‘फुकटात’ मिळाली म्हणणाऱ्यांसाठी

गेले चार-पाच दिवस तो मेसेज आमच्या वकिलांच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरतोय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९६६ साली प्रेसिडेंट जॉन्सनने काळ्या लोकांच्या मतांसाठी कॉन्स्टन्स बेकर मॉटली नावाच्या बाईला जिल्हा न्यायाधीश केलं, तिने कधी धड केस चालवली नव्हती, सिनेटने डोळे झाकून शिक्का मारला, आणि खुर्चीवर बसल्यावर बाईने कायम आपल्याच लोकांच्या बाजूने निकाल दिले. खाली ‘मेरिट संपलं की असं होतं’ वगैरे. मी गेली पंधरा वर्षं दिवाणी कोर्टात उभी राहतेय, या बाईंबद्दल बरंच वाचलंय, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी तो ‘जिल्हा न्यायाधीश’ शब्दच काढा. वाचल्यावर आपल्या डोळ्यासमोर आपलं जिल्हा कोर्ट येतं, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. तिकडे राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी. फेडरल ट्रायल कोर्टाचे देशभरात ९४ डिस्ट्रिक्ट आहेत. तिथल्या जज्जला प्रेसिडेंट नॉमिनेट करतो, सिनेट मंजुरी देते, आणि एकदा बसला की निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोगच. आजवर पंधरा फेडरल जज्जांवर महाभियोग आला, त्यातले आठच दोषी ठरून गेले. हा एकटा माणूस राज्याच्या गव्हर्नरचा हुकूमसुद्धा थांबवू शकतो. म्हणून या खुर्चीवर कोण बसतो याच्यासाठी तिकडे एवढी मारामारी.

आता ‘धड केस चालवली नव्हती’. हे वाचून मला खरंच राग आला.

मॉटलीबाई १९२१ साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला जन्मल्या, बारा भावंडांत नवव्या, आईवडील वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, वडील येल विद्यापीठात स्वयंपाकी. कॉलेजला पैसे नव्हते. मॉटलीबाईंचं एक भाषण ऐकून एका गोऱ्या बिल्डरने शिक्षणाचा खर्च उचलला. १९४६ ला कोलंबियातून लॉ झाल्या, पण त्याआधीच १९४५ मध्ये थर्गुड मार्शल या वकिलांनी त्यांना एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लीगल डिफेन्स फंडात, म्हणजे तिच्या कोर्टकचेऱ्या लढवणाऱ्या शाखेत, कामाला घेतलं होतं. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन केसची मूळ फिर्याद लिहिण्यात त्यांचा हात आहे. सुप्रीम कोर्टात त्यांनी दहा केसेस स्वतः उभं राहून चालवल्या, १९६१ च्या हॅमिल्टन केसपासून, आणि तिथे युक्तिवाद करणारी पहिली काळी बाई त्याच. दहापैकी नऊ जिंकल्या. हरलेली दहावी म्हणजे ज्यूरीतून काळ्या लोकांना वगळण्याबद्दलची स्वेन केस, तिथलंही मत सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये बॅटसन केसमध्ये फिरवलं.

बरं, सुप्रीम कोर्ट सोडा, ट्रायलचंच बोलू. मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाला प्रवेश हवा होता, १९६१ मध्ये दावा लावला, त्याच्या वकील मॉटलीबाई. विद्यापीठाचा नियम काय, तर अर्जासोबत माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं जोडा. आता माजी विद्यार्थी झाडून सगळे गोरे, मग काळ्या मुलाने पत्रं आणायची कुठून? नियमात कुठेही रंगाचा शब्द नाही आणि दार मात्र बंद, आणि रजिस्ट्रार साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर सांगतोय की आम्ही रंग बघतच नाही. ज्याने उलटतपासणी घेतलीय त्याला विचारा, असा साक्षीदार फोडणं काय असतं ते. विरोधी वकील त्यांना ‘मिसेस मॉटली’ म्हणायचं टाळायचे. (हे मी अनुभवलंय, एका सुनावणीत समोरचे वकील दिवसभर मला ‘या मॅडम’ म्हणत होते, ॲडव्होकेट हा शब्द तोंडातून निघेना. आणि मला तर जीवाची भीती नव्हती.) ट्रायल कोर्टाच्या जज्जने मेरेडिथच्या विरुद्ध निकाल दिला, म्हणाला विद्यापीठात वर्णभेद नाहीच. अपील कोर्टाने जून १९६२ मध्ये तो उलटवला. मग अपील कोर्टातल्याच एका जज्जने त्या निकालावर एकामागून एक चार स्टे दिले, ते उठवायला सुप्रीम कोर्टाच्या ह्यूगो ब्लॅक यांच्याकडे जावं लागलं. मेरेडिथ आत गेला १ ऑक्टोबरला, आदल्या रात्रीच्या दंगलीत दोन माणसं मेली होती.

पुढच्याच वर्षी, मे १९६३, अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम. वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात गेले म्हणून हजारावर शाळकरी पोरं शाळेतून काढली, तीसुद्धा वर्ष संपत आलेलं असताना. मॉटलीबाई फेडरल ट्रायल कोर्टात गेल्या, जज्जने नकार दिला. त्याच दिवशी त्या अटलांटाला अपील कोर्टाच्या एल्बर्ट टटल यांच्यासमोर उभ्या, आणि संध्याकाळी पोरं परत शाळेत घेण्याचा हुकूम हातात. सकाळी हरून संध्याकाळी जिंकायचं म्हणजे कागद किती तयार लागतात ते वकिलांना सांगायला नको.

एवढं झाल्यावर ‘सिनेटने डोळे झाकून शिक्का मारला’. तारखा बघा. नॉमिनेशन २६ जानेवारी १९६६, मंजुरी ३० ऑगस्ट १९६६. सात महिने! कारण सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलँड, मिसिसिपीचे मोठे मळेवाले, उघड उघड वर्णभेदाच्या बाजूचे. ज्या बाईने त्यांच्याच राज्याचं विद्यापीठ उघडायला लावलं तिची फाइल त्यांच्याच टेबलावर. त्यांनी ती दाबून धरली आणि बाई कम्युनिस्ट असल्याचे आरोप पुढे केले.

आणि याच कमिटीतून, याच अध्यक्षांच्या हाताखालून १९६१ मध्ये दुसरी एक फाइल गेली होती. विल्यम हॅरल्ड कॉक्स, मिसिसिपीचे, ईस्टलँड यांचे कॉलेजातले रूममेट. तेव्हाचे प्रेसिडेंट जॉन केनेडी यांनी २० जूनला नाव पाठवलं, २७ जूनला मंजूर. एक आठवडा. वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने, अमेरिकन बार असोसिएशनने, कॉक्सना सर्वांत वरचा शेरा दिला होता, ‘अपवादात्मक लायक’. मॉटलीबाईंना नुसतं ‘लायक’. या कॉक्ससाहेबांनी १९६४ मध्ये मतदार नोंदणीच्या केसमध्ये काळ्या लोकांना भर कोर्टात चिंपांझी म्हटलं, आणि तरीही ते पुढे कित्येक वर्षं त्याच खुर्चीवर होते. मेरिटबद्दल एवढी कळकळ आहे ना, मग या दोन फाइली शेजारी ठेवून सांगा फुकटात कुणाला मिळालं.

मतांचं राजकारण होतं का? होतं की, मी नाही म्हणत नाही. जॉन्सनना आपल्या काळात काळे जज्ज नेमले गेले हे दाखवायचं होतं, न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी बाईंचं नाव पुढे केलं होतं, आणि त्या स्वतः तेव्हा मॅनहटनच्या बरो प्रेसिडेंट (न्यूयॉर्क शहराच्या त्या भागाच्या प्रमुख) म्हणजे निवडून आलेल्या राजकारणी होत्या, त्याआधी राज्याच्या सिनेटमध्ये. पण ज्या देशात प्रेसिडेंट नाव देतो आणि सिनेटर मत देतात तिथे राजकारणाशिवाय झालेली नेमणूक दाखवा. कॉक्सची काय परीक्षा घेऊन झाली होती? उलट मॉटलीबाईंना राजकारणात नुकसानच झालं, आधी नाव अपील कोर्टासाठी चाललं होतं, विरोध झाला म्हणून ट्रायल कोर्टावर आणलं.

राहिलं ‘आपल्याच लोकांच्या बाजूने’. १९७५ मध्ये त्यांच्यापुढे एक केस होती, एका बाई वकिलाने सुलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या लॉ फर्मवर बायकांशी भेदभाव केल्याचा दावा लावला होता. फर्मने अर्ज दिला की तुम्ही स्वतः बाई आणि काळ्या, वर आयुष्यभर भेदभावाच्याच केसेस लढलात, तेव्हा बाजूला व्हा. मॉटलीबाईंनी नकार दिला, आणि कारण लिहिलं ते असं की वंश, लिंग, पार्श्वभूमी एवढ्यावरून जज्ज हटवायचा तर या कोर्टातला एकही जज्ज ही केस ऐकू शकणार नाही, कारण प्रत्येकालाच काही ना काही लिंग आहे आणि प्रत्येकजण आधी वकीलच होता. फर्म वर गेली, अपील कोर्टानेही हस्तक्षेप केला नाही. मेसेज लिहिणाऱ्याचा आक्षेप तोच, पन्नास वर्षांपूर्वी निकालात निघालेला. गोऱ्या पुरुषाने गोऱ्या पुरुषाची केस ऐकली तर त्याला हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

आणि ‘आपले लोक’ म्हणजे नक्की कोण हो? १९७८ मध्ये त्यांनी मेलिसा लुड्टके या गोऱ्या क्रीडा पत्रकाराच्या बाजूने निकाल दिला, बेसबॉलच्या यँकी स्टेडियममध्ये खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत (लॉकर रूममध्ये) पुरुष पत्रकार मॅच संपल्यावर जाऊन मुलाखती घ्यायचे आणि हिला बाहेर थांबवायचे म्हणून. १९७० मध्ये मार्टिन सोस्त्रे या कैद्याला वर्षभराहून जास्त एकांतकोठडीत ठेवल्याबद्दल भरपाई दिली, तो निकाल अपिलात काही टिकला, काही उलटला. कोर्ट असंच चालतं, वर तपासणारे बसलेलेच असतात.

१९८२ मध्ये त्याच फेडरल ट्रायल कोर्टाच्या त्या चीफ जज्ज झाल्या, तेही कुणाच्या मेहेरबानीने नाही, ते पद तिथे सेवाज्येष्ठतेने मिळतं. १९८६ ला सीनियर जज्ज, म्हणजे कामाचा भार कमी केलेल्या जज्ज, झाल्या आणि सप्टेंबर २००५ मध्ये वारल्या तोवर त्या त्याच कोर्टाच्या जज्ज होत्या.