कुठलीच कसर सोडली नाही

गेल्या श्रावणात एका दुपारी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली, उघडली, तर मधल्या पानांतून एक चंदेरी किडा सुळ्ळकन पळाला. कसर. आमच्या ठाण्यात पावसाळ्यात मीठ, पापड, लाकडी दारं आणि सासूबाईंचे गुडघे, सगळ्यांनाच दमट हवेचा त्रास होतो, ही एकच जात अशी की तिला ती हवा मानवते. पानांच्या कडा कुरतडलेल्या, पुठ्ठ्याजवळची बांधणीची खळ चाटूनपुसून खाल्लेली, थोडक्यात कसरीने कुठलीच कसर सोडली नव्हती.

अशा वेळी शहाण्या बाईने झटकायचं फडकं घ्यावं. मी फोन घेतला. आमचा वाचनवेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 180 जण, कुठून कुठून पसरलेले, बहुतेकांना मी प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही पण कोणाच्या कपाटाला काच आहे आणि कोणाच्या नाही ते मला पाठ आहे. तिथे टाकलं, "पुस्तकाला कसर लागलीय, काय करू?" आणि कुकर लावायला गेले. तीन शिट्ट्या करून परत येते तो 64 मेसेज.

कडुनिंबाचा पाला ठेवा. लवंगा ठेवा. डांबरगोळ्या ठेवा. डांबरगोळ्या अजिबात नको, वाचताना डोकं चढतं. कोल्हापूरच्या एका काकांनी वेखंडाच्या पुरचुंड्या सुचवल्या, त्यांच्या आजोबांच्या पोथ्यांत असायच्या म्हणे, वरून लाल फडकं. पोथी म्हटल्यावर एका सरांना कुठला धीर, जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिलेला असतो तो श्लोक त्यांनी टाकला, तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् वगैरे, म्हणजे पोथीच सांगते की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. यात कसरीचा उल्लेख नाही हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं, पण तोवर दुसऱ्या सरांनी श्लोकातलं शुद्धलेखन काढलं होतं आणि 'मूर्खाच्या हाती'वरून पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्यांचा विषय निघाला होता. नाव न घेता. ज्याचं नाव घेत नव्हते तो माणूस ग्रुपवरच होता आणि "अगदी खरं आहे" म्हणून अंगठे देत होता.

मग कोणीतरी ते वाक्य लिहिलंच, "म्हणूनच मी किंडलवर वाचतो." झालं! पुस्तकाचा स्पर्श, पुस्तकाचा वास, पहिल्या पावसानंतरच्या मातीशी तुलना. त्यावर केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका मुलीने लिहिलं की जुन्या पुस्तकांचा वास म्हणजे कागद हळूहळू कुजतोय त्याचा वास, त्यातल्या लिग्निनचं विघटन होताना व्हॅनिलाच्या वासाचं रसायन तयार होतं म्हणून तो गोड लागतो. दोघांनी ग्रुप सोडला. एक रात्री परत आले.

या गदारोळात एकाच बाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पुण्याच्या ताई, ग्रंथालयातून रिटायर झालेल्या. पुस्तक घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, हवा काढायची, दोन आठवडे फ्रीझरमध्ये. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 ला असतो, तेवढ्यात कसर आणि तिची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार पानांवर पाणी धरतं. उन्हात तर मुळीच ठेवायचं नाही, पानं पिवळी पडतात. मी निमूटपणे तसं केलं. डायनासोरच्या आधीपासून पृथ्वीवर टिकून असलेला प्राणी माझ्या मटारच्या पिशवीवर मरणार याचं थोडं वाईटही वाटलं.

पुढे गणपती आले. मोदकांसाठी खवलेला नारळ आधीच करून ठेवावा म्हणून सासूबाईंनी फ्रीझर उघडला.

"अगं, हे काय गारठवलंयस?"

"पुस्तक आहे आई."

"ते दिसतंय मला. का?"

"कसर मरते. ग्रुपवर सांगितलं."

ग्रुपवर म्हटलं की आमच्या घरात पुढे कोणी खुलासा मागत नाही. त्यांनी नारळाचा डबा पुस्तकाच्या डोक्यावर बसवला, दार लावलं आणि विचारलं, "बरं, आहे कशाबद्दल?"

मी गार. म्हणजे खरंच, तोवर 212 मेसेज झाले होते आणि हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं. पुस्तकाचं नावसुद्धा नाही! आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते, तीन वर्षांपूर्वी प्रदर्शनात 30 टक्के सवलत होती म्हणून घेतलेलं, चहाच्या कपाशेजारी ठेवून फोटो टाकलेला, त्याला 41 बदाम आले आणि मग ते थेट कपाटात गेलेलं.

"एका घराण्याची गोष्ट आहे," मी ठोकून दिलं. कव्हरवर वाडा होता.

दोन आठवडे झाल्यावर पिशवी काढून ओट्यावर ठेवली आणि त्यांना बजावलं, उद्या सकाळी दहापर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर सासूबाई गॅलरीत, चष्मा नाकावर, पाय स्टुलावर, पान 90. घड्याळ लावून बरोब्बर दहाला उघडलं म्हणाल्या.

ग्रुपवर तेव्हा कापडी बुकमार्क चांगला की कागदी, हे चाललं होतं.

चहा घेताना त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "काय गं, त्या थोरल्याचं वागणं तुला पटलं?"

"थोडंसं," मी म्हटलं.

"थोडंसं कसलं, मेला आपमतलबी! बरं ऐक, पुढे काय करतो ते सांगायचं नाही हं मला."

"अजिबात नाही सांगत आई," मी म्हटलं, अगदी गळ्याशपथ.