थांबण्याचे नियम

रोड बाइक घ्यायची ठरवलीत? उत्तम. आता तिला सायकल म्हणायचं नाही. सायकल वडिलांची होती. तिला मडगार्ड होतं, कॅरिअर होतं, घंटी होती. तुमच्या बाइकला यातलं काहीच नसेल, म्हणून तर ती दीड लाखाला मिळते. घरी किंमत सांगताना एकदम सांगू नका. आज फ्रेमची सांगा, चाकांची दिवाळीत.

पहिल्याच रविवारी कोणीतरी येऊन तुमची बाइक दोन बोटांनी उचलून बघेल. ओळख नसली तरी बघेल. मग ओठ दाबून मान हलवेल आणि विचारेल, "किती?" इथे वजन सांगायचं असतं, किंमत नव्हे. तुम्ही ७.९ किलो म्हणालात की पुढचा प्रश्न, "पेडल धरून की सोडून?" कंपन्या पेडल सोडून वजन सांगतात, तेव्हा तुम्हीही तसंच सांगा. युसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना; तिच्या शर्यतींत ६.८ किलोहून हलकी सायकल चालत नाही. तुम्हाला तिथे कोणी बोलावलेलं नाही, तरी हा आकडा पाठ असू द्या. पोटाचा विषय काढू नये. तो युसीआयच्या अखत्यारीत येत नाही.

मोज्यांचा मात्र येतो. घोटा आणि गुडघ्याच्या मधोमध जी रेघ येईल तिच्यावर मोजा जाता कामा नये, असा खरोखरच नियम आहे आणि तो मोजायला पंच मापपट्टी घेऊन उभे असतात. तेव्हा बायकोने "हे काय शाळेतल्यासारखे मोजे?" असं म्हटलं तर शांतपणे नियम सांगावा.

टायरबद्दल मत ठाम असावं. कोणतं, याला महत्त्व नाही. आमच्या ग्रुपमधले डॉक्टर पूर्वी सांगत, टायर २३ मिलिमीटरचाच, आणि हवा अशी भरायची की वाजवला तर टणटण वाजला पाहिजे. आज तेच डॉक्टर, त्याच आवाजात, ३० मिलिमीटर आणि कमी हवेचे फायदे सांगतात. अभ्यास दोन्ही वेळा दांडगा होता.

आता शिष्टाचार. रविवारी पहाटे साडेपाचला पुण्यातला खडी मशीन चौक. आदल्या रात्रीच मेसेज येतो: "रेस नाही. गप्पा मारत जायचं. कोणालाही मागे सोडणार नाही." अशा मेसेजला अंगठा दाखवून तुम्ही लवकर झोपावं, कारण रेस आहे. रांगेत चालताना खड्डा दिसला की मागच्यासाठी हात खाली करून दाखवायचा, ही फार सुंदर पद्धत युरोपातून आली. कोंढव्यात ती काटेकोर पाळली तर हँडलला हात लावायची पाळीच येत नाही.

दुसऱ्याच्या चाकामागे लपून चालवलं की वारा तो खातो आणि तुमची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. बोपदेव घाटाच्या पायथ्यापर्यंत ही ताकद वाचवा. शेवटच्या वळणावर बाहेर पडा, पुढे जा, आणि जाता जाता "मस्त पेस दिलास रे" म्हणा. हे म्हणायला विसरू नये. बाकी सगळं क्षम्य आहे.

एनर्जी जेलचं रिकामं पाकीट घाटात टाकू नये, असं मीच सुचवलं होतं. २०२१ च्या टूर ऑफ फ्लँडर्स या बेल्जियममधल्या शर्यतीत मिखाएल शेअर या सायकलपटूने रस्त्याकडेच्या चाहत्यांना बाटली भिरकावली, तर कचरा टाकला म्हणून त्याला शर्यतीतूनच काढलं. ही गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. बोपदेवच्या तिसऱ्या वळणाला ठाऊक नसावी.

पंक्चर झालं तर आधी हँडलवरचा वेग मोजणारा कॉम्प्युटर पॉज करावा, मग उतरावं. नाहीतर सरासरी वेग कायमचा डागाळतो. मी हे सगळं रीतसर केलं. घाट संपून भिवरीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी ओरडलो, पुढच्याने हात वर केला, आणि पुढे गेला. हात वर करणं म्हणजे "कळलं", हा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सुटी ट्यूब होती. पण दिवाळीत मी ५० मिलिमीटर खोल रिमची चाकं घेतली होती, वारा कापायला. ट्यूबचा व्हॉल्व ४८ चा. तो रिमच्या भोकातून डोकावेना. आत कुठेतरी होता एवढंच समाधान. चाक खांद्यावर घेऊन, पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटवाल्या बुटांनी टकटक करत गावातल्या पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व दोन बोटांत धरला, नाजूकपणे, आणि म्हणाला, "साहेब, हा तर मोडलाय."

"मोडलेला नाही. असाच असतो."

"असाच?" त्याने माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडे आले तिथे कानस मारली, ठिगळ लावलं. तीस रुपये. चाकांच्या किमतीत हा माणूस साधारण अडीच हजार पंक्चर काढेल.

सासवडला पोचलो तेव्हा मिसळीची दुसरी फेरी चालू होती. विषय २०१० चा टूर द फ्रान्स. पिरेनीज पर्वतात पोर द बालेसच्या घाटात अँडी श्लेक पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर होता. त्याची साखळी पडली, आणि त्याचा प्रतिस्पर्धी अल्बर्टो काँताडोर थांबायचं सोडून निघून गेला. त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावले आणि टूर जिंकला तोही बरोबर ३९ सेकंदांनी. पुढे उत्तेजक प्रकरणात ते विजेतेपद गेलं आणि श्लेकला मिळालं, हे डॉक्टरांनी "वर बघतो तो" म्हणत आकाशाकडे बोट करून सांगितलं. मग २०१२ आलं: रस्त्यावर कोणीतरी खिळे टाकले, कॅडल इव्हान्सचं पंक्चर झालं, तर पिवळ्या जर्सीतल्या विगिन्सने सगळा घोळका हळू केला. मग २०२२: पोगाचार पडला, त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार्ड उतारावर त्याच्यासाठी थांबला, दोघांनी हात मिळवले. इथे एकाचे डोळे पाणावले. रस्सा तिखट होता, पण तेवढाही नाही.

"याला म्हणतात खेळ," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्या काळ्या हातांकडे गेलं. "अरे, ये ये! तूच सांग. साखळी पडलेल्या माणसाला सोडून जाणं बरोबर आहे का?"

अशा वेळी "अजिबात नाही" म्हणावं, पाव मागवावा आणि डॉक्टरांच्याच शेजारी बसावं. परतताना वारा समोरून असतो, आणि त्यांची पाठ रुंद आहे.