मशीन द्या म्हणता, दराचं काय?

'लाडकी बहीण'चे दीड हजार २०२४मध्ये सुरू झाले, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे : फुकट पैसे वाटण्यापेक्षा बायकांना शिलाई मशिनी द्या. म्हणणारे बहुतेक पुरुष, आणि माझा भाऊ त्यांत सगळ्यात पुढे. पुरावा म्हणून तो लॉकडाउन काढतो. कोरोनात गावच्या बायका घरबसल्या मास्क शिवून कमावत होत्या की नाही? होत्या. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातही होत्या. त्यांत त्याची स्वतःची बायको होती. तिला मात्र ग्रुपवर कोणी विचारत नाही.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात होते, आजही आहे. इथं मार्च २०२०च्या शेवटी सगळं बंद झालं आणि ज्यांनी जन्मात बटण लावलं नव्हतं तेही मशिनी मागवू लागले. इलॅस्टिक कुठं मिळेना. आमच्या शेजारच्या बाई जुन्या अभ्र्यांच्या पिशव्या शिवायच्या, म्हणजे नर्सेसना ड्युटीचे कपडे त्यांत कोंबून पिशवीसकट धुवायला टाकता यावेत. कुणी दवाखान्यांसाठी गणवेश शिवले. सगळं हौसेनं आणि फुकट. मीही शिवलं. पण नोकरी थांबलेल्यांना तेव्हा सरकार पगाराच्या ८० टक्के, महिन्याला अडीच हजार पाउंडांपर्यंत, देत होतं. चूल पेटती राहिली म्हणून मशीन चालली. फुकटच्या पैशानं माणसं आळशी होतात असं गावाकडून कोणी ऐकवलं की मला त्या बाई आठवतात.

याच शहरात दुसराही एक प्रकार होता. जूनअखेर लेस्टरवर देशातलं पहिलं स्थानिक लॉकडाउन लागलं, आणि इथल्या लहान शिलाई कारखान्यांच्या बातम्या बाहेर आल्या. कायद्यानं किमान वेतन तासाला ८.७२ पाउंड, आणि काही ठिकाणी हातावर टेकवत होते साडेतीन. शिवणाऱ्यांत आपल्या उपखंडातून आलेली माणसं बरीच. त्यांच्यापुढं मशिनी होत्याच, विजेच्या, सुसाट पळणाऱ्या.

आता गावाकडं. वहिनीची पायमशीन लग्नात मिळालेली. एप्रिल-मे हा तिचा कमाईचा हंगाम : लग्नसराई, अस्तराचे ब्लाऊज, फॉल-पिको, आणि पाठोपाठ शाळेचे गणवेश. २०२०ची अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आली तशीच गेली. लग्नं पुढं ढकलली, जूनमध्ये शाळा भरल्या नाहीत. तेवढ्यात बचत गटाला ग्रामपंचायतीचं मास्कचं काम मिळालं. भाऊ ज्याला कमाई म्हणतो, ती बुडालेल्या हंगामाची जेमतेम भरपाई होती. तेव्हा आतल्या खोलीत कापूस पडून होता, कारण क्विंटलला ५,५५० रुपये हमीभाव जाहीर असला तरी खरेदी थांबलेली. आणि बाहेरच्या खोलीत मास्कसाठी विकत आणलेलं कापड. आम्हा वऱ्हाडातल्यांना याचं नवलही वाटेनासं झालंय.

गटातल्या दोन-चार पोरी तेव्हाच मशीनवर बसायला शिकल्या. मास्क सरळ टाक्यात होतो : कापड कापा, चुण्या घाला, नाड्या लावा. ब्लाऊजला गळा, कटोरी, बाहीची गोलाई बेतता यावी लागते, आणि बिघडला तर बाई कापडाचे पैसे मागते. कापडी मास्क तीन थरांचा असावा असं जागतिक आरोग्य संघटनेनं ५ जूनला सांगितलं, तोवर आमच्या गावचे दोन थरांचे शिवून, वाटून झाले होते. पुढं तयार मास्क बाजारात आले, काम संपलं, पोरी निंदणाला गेल्या. त्यांना मशिनी वाटल्या असत्या तर काय झालं असतं? कोपऱ्यात उभ्या राहून वर कपड्यांच्या घड्या साठल्या असत्या. बेतायला शिकवणारी बाई आणि शिवायला येणारं कापड, या दोन गोष्टी त्यांना हव्या होत्या.

भावाचं एक मला पटतं. मशीनवर कमावलेले पैसे वहिनीच्या हातात येतात, आणि त्यासाठी उन्हात जावं लागत नाही. विश्वकर्मा योजनेत २०२३पासून शिंपीकामाच्या अवजारांना १५ हजारांपर्यंत मदत आहे. ती जरूर घ्यावी. पण काम आणून दिल्यावर काय होतं तेही आपण पाहिलंय. २०२४मध्ये राज्यानं सगळ्या सरकारी शाळांना एकच गणवेश ठरवला, कापड वरून आणि शिलाई बचत गटांकडून. कल्पना चांगलीच होती. स्काऊट-गाईडच्या गणवेशाला शिलाई ठरली १०० रुपये, वरखर्चाला १०. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, शंभरात शर्ट बी अन् पँट बी? तुम्हीच सांगा. त्यापरीस वेचणीले गेलेली परवडते." गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, ओरड झाली, आणि डिसेंबरात निर्णय मागं घेतला. ग्रुपवर निष्कर्ष तयार : बचत गटांना जमत नाही. शंभर रुपयांचा उल्लेखही कोणी केला नाही. लेस्टरच्या कारखान्यांना निदान ८.७२चा आकडा दाखवून जाब विचारता आला. घरात बसून नगावर शिवणाऱ्या बाईनं कोणता आकडा दाखवायचा?

आता गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलाय. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. दोन गणवेशांना मिळून मुलामागं ६०० रुपये येतात. मी भावाला लिहिलं, ग्रुपवर मशिनी मागत बसण्यापेक्षा समितीत ठराव मांड : कापड घाऊक घ्यायचं, शिलाई गावातच, आणि दर आधी लिहून. त्यानं अंगठा पाठवला. रात्री वहिनीचा फोन आला. तीनशेतून कापड, बटणं, दोरा वजा केला तर शिलाईला किती उरतात, हे तिला माझ्याकडून मांडून हवं होतं. दीडशेच्या खाली ती हात लावणार नाही म्हणाली.