कॉल धरला जाणार नाही

काल संध्याकाळी एका आजोबांनी मला पेशंट करून टाकलं.

मी स्पेशालिटी लाइनचा एमआर, म्हणजे ठरावीक तज्ज्ञ डॉक्टरांना औषधांची माहिती देणारा कंपनीचा माणूस. खोकल्याची औषधं विकणाऱ्यांना गल्लोगल्ली डॉक्टर सापडतात. आम्हाला संधिवाततज्ज्ञ मोजकेच. एक हुकला की टार्गेट लंगडलं. म्हणून वेटिंगमध्ये ठाण मांडून बसलो होतो.

"गुडघा का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"नाही हो, औषध कंपनीकडून आलोय."

"कसलं औषध?"

पेशंटसमोर ब्रँडचं नाव काढायचं नाही, हा नियम. म्हटलं, "प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते ना, त्यावरचं."

"आपलेच आपल्यावर उलटतात. ऑफिसच की!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दाखवा बघू."

"इंजेक्शन असतं. २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बॅगेत नाही."

"म्हणजे औषधाला गारवा आणि तुम्ही उन्हातान्हात. जेवता कधी?"

सांगितलं.

"झोपता कधी?"

रिपोर्ट भरून झाल्यावर, तेही सांगितलं. कंपनीने हे कधी विचारलेलं नाही. 'नोकरीत समाधानी आहात का?' असा एक निनावी सर्व्हे येतो, त्यात पहिल्याच पानावर एम्प्लॉयी कोड टाकावा लागतो. मी अर्थातच अत्यंत समाधानी आहे. वर्क-लाइफ बॅलन्सवरचा वेबिनार रविवारी ठेवतात, हजेरी सक्तीची. पगार बरा आहे, म्हणून कुणापाशी रडायचीही सोय नाही.

आजोबांचा नंबर लागला. ते आत गेले आणि लगेच मला हाक आली. माहिती दाखवायचा टॅब सरसावून हसतमुखाने शिरलो, तर डॉक्टरांनी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"आजोबा म्हणतात, आधी याला बघा."

"सर, आपला नवीन डेटा..."

"बोलू नका, रीडिंग चुकतं."

आजोबा स्टुलावर बसून मान डोलावत होते. बीपी वाढलेलं निघालं. मीठ कमी, झोप जास्त, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा. हे सगळं डॉक्टरांनी ज्या पॅडवर लिहून दिलं, त्यावर प्रतिस्पर्धी कंपनीचा ब्रँड छापलेला. "औषधाचं नंतर बोलू," असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

डॉक्टरांच्या भेटीला आम्ही 'कॉल' म्हणतो. रात्री ॲपमध्ये 'भेट झाली' दाबलं. लगेच मॅनेजरचा फोन.

"प्रॉडक्टवर बोलणं झालं नाही, म्हणजे कॉल धरला जाणार नाही."

मी बीपीचं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता.

"पंधरा दिवसांनी बोलावलंय ना? मग टूर प्लॅनमध्ये टाक. पेशंट म्हणून आत तरी लवकर सोडतील."