“आमच्याकडे कुणी जात विचारत नाही” : फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडपासून घणसोलीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सारांश असा: ठाणे-नवी मुंबईसारख्या नव्या शहरांत जात आणि बाई-पुरुष भेद कधीच संपले, अमेरिकेतल्या वंशभेदाच्या अभ्यासांची नक्कल करणारे समाजशास्त्रज्ञ ते उगाच उकरून काढतात, आणि आता जनगणनेत जात विचारली की उरलीसुरली शांतताही जाणार. मेसेज सभ्य भाषेत लिहिलाय, म्हणून मुद्द्यांवर बोलू.

“ही अमेरिकेची नक्कल आहे.” पद्धत तिकडे गाजलेली, हे कबूल. डेवा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी या एकाच शहरात तरुणांच्या दोन जोड्या नोकरी मागायला पाठवल्या, एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. शिक्षण, अनुभव सारखा. जोडीतला एक जण मात्र तुरुंगात जाऊन आल्याचं सांगायचा. 2003 साली निकाल छापून आला. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याला 17 टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं आणि कुठलाही गुन्हा नसलेल्या काळ्याला 14 टक्के.

मिलवॉकीचं राहू द्या. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी आपल्याकडे साधारण हेच केलं. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, बदललं फक्त नाव. 4,808 अर्ज. 2007 मध्ये आलेला निष्कर्ष: उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. यात नाकारलेल्याला काय कळतं? काहीच नाही. फोन आला नाही, एवढंच. आणि ज्याला फोन आला त्याला वाटतं, आपल्या गुणांवर आला. त्यामुळे “मला तर असा अनुभव कधी आला नाही” हे वाक्य कितीही प्रामाणिक असलं तरी पुरावा म्हणून चालत नाही. दोन सारखे अर्ज शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसतच नाही, आणि ते काम कुणीतरी मुद्दाम करावं लागतं.

“सिडकोच्या लॉटरीत जात बघितली नाही.” उलट, नवी मुंबई वसवणाऱ्या या सरकारी महामंडळाच्या घरांच्या लॉटरीत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव घरं असतात, म्हणजे बघितलीच. पण भाड्याच्या घराची लॉटरी निघत नाही. कोपरखैरणे किंवा खारघरला वन बीएचके शोधायला निघा. एजंट आधी फॅमिली की बॅचलर विचारतो. मग, “व्हेज ना? ओनरचं तेवढंच आहे.” मग, “नाव काय म्हणालात? नाही, पूर्ण नाव.” त्यानंतर कधीकधी चावी शेजारच्यांकडे असते आणि शेजारी गावाला गेलेले असतात. जात विचारली का? अजिबात नाही.

“आता घरं बायकांच्याच नावावर असतात.” एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 90 लाखांच्या फ्लॅटवर 90 हजार वाचतात. समतेचा एवढा झटपट प्रसार कुठल्याच चळवळीला जमला नसेल!

“बायका नोकऱ्या करतात, अजून काय हवं?” 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात काहीतरी घरकाम केलेल्या बायका 81 टक्के निघाल्या, पुरुष 26 टक्के. जे करतात त्यांचा रोजचा सरासरी वेळ बायकांचा 299 मिनिटं, पुरुषांचा 97. म्हणजे 97 ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही, हात लावणाऱ्यांची आहे.

टॉवरमधली बाई सकाळी ऐरोलीच्या आयटी पार्कात जाते, हे खरं. तिच्या आधी दिघ्याहून किंवा तुर्भे स्टोअरहून दुसरी एक बाई निघालेली असते. पहिलीच्या घरकामाचा वाटा नवऱ्याकडे सरकला नाही, या दुसरीकडे सरकला. ती सर्व्हिस लिफ्टने वर जाते, चार घरच्या पोळ्या-भांडी करते, चहा तिच्या वेगळ्या कपात मिळतो. निघताना गेटवर पिशवी उघडून दाखवायची. कुणी उरलेली भाजी डब्यात दिली असेल तर वॉचमन इंटरकॉमवर खात्री करतो: “मॅडम, डबा तुम्हीच दिलाय ना?” मेसेजमधल्या “बायका” या शब्दात ही बाई धरली होती का, ते लिहिणाऱ्यानं सांगावं.

“महापालिकेत निम्म्या नगरसेविका आहेत.” हो, कारण 2011 मध्ये राज्यानं तसा कायदा केला. पक्षांनी आपण होऊन तिकिटं दिली असती तर कायदा लागला नसता.

“जात आणि बाई हे वेगळे प्रश्न, त्यांची खिचडी करू नका.” बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवलं होतं की जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर, आणि त्यासाठी बाईवर पहारा लागतो, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह त्यातूनच आले. पहारा उठलाय म्हणावं, तर 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम पाच टक्के होती.

राहिला शेवटचा मुद्दा: “विचारल्यानंच जात वाढते.” 1931 नंतर जनगणनेत सगळ्या जातींची आकडेवारी छापलीच गेलेली नाही. थोरात-अ‍ॅटवेल यांनी ज्या कंपन्यांना अर्ज पाठवले, त्यांनाही जात विचारावी लागली नव्हती. अर्जावर आडनाव होतं.